क्षीण रेडिओ-संकेतांच्या नोंदी : इतिहासाचे एक नवे साधन आणि त्याची चिकित्सा

प्रस्तावना

ताम्रपट, शिलालेख, बखर, फर्मान, महसुली दफ्तर या प्रत्येक साधनाला प्रश्न विचारण्याची रीत इतिहासाच्या अभ्यासकाने स्वतःपुरती ठरवून घेतलेली असते. नोंद कोणी केली, कोठे बसून केली, कोणत्या मापाने केली, आणि जे नोंदले गेले नाही त्याचे काय, हे ते प्रश्न होत. आकडा समोर आला की मात्र ही सावधगिरी सैल पडते. आकडा यंत्राने काढलेला असला तर ती बहुधा उरतच नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यंत्रनोंदींची साधने झपाट्याने वाढत आहेत आणि पुढील काळाच्या इतिहासकाराला त्यांच्यावरच मोठ्या प्रमाणावर विसंबावे लागणार आहे. म्हणून अशा एका नोंदीची चिकित्सा प्रस्तुत निबंधात केली आहे.

ही नोंद म्हणजे हौशी रेडिओचालकांच्या, अर्थात हॅम मंडळींच्या, संगणकावर उमटणारा 'सिग्नल-टू-नॉइज' आकडा होय. मराठीत त्यास संकेत-गोंगाट गुणोत्तर म्हणता येईल. तो आकडा संकेताचे बळ सांगतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो दोन गोष्टींमधील नाते सांगतो, आणि त्यांपैकी दुसरी गोष्ट, म्हणजे गोंगाट, नोंद घेणाऱ्याच्या अंगणातली असते. एवढे ध्यानी घेतले की या आकड्याचे वाचन बदलते. विषय भौतिकशास्त्राचा वाटला तरी त्यातील मूळ प्रश्न साधनचिकित्सेचा आहे, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

खोडद, १९ ऑक्टोबर २०१६

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी ही दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश तेथे आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात व उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आली. जागेची निवड करताना जे निकष लावले गेले त्यांत मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी असणे हा प्रमुख होता. सभोवतालचे डोंगर या बाबतीत उपयोगी पडले.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे शियापारेली हे यान मंगळाच्या पृष्ठभागाकडे उतरत होते. त्यावरील लहान प्रेषकाचा ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा संकेत मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हता. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर असलेल्या खोडदच्या डिशांनी तो प्रयोग म्हणून टिपण्याचा यत्न केला आणि तो टिपलाही. पृथ्वीवर पोहोचण्यास त्याला पावणेदहा मिनिटे लागत होती. त्यातील मजकूर, म्हणजे यानाच्या उपकरणांची माहिती, खोडदला उलगडणे शक्य नव्हते. हाती येत होती ती केवळ वाहक लहर, संगणकाच्या पडद्यावरील गोंगाटाच्या पार्श्वभूमीवर एक बारीक रेघ. यानाचा वेग बदलला की रेघ सरकत होती, आणि या सरकण्यावरून अवतरणाचे टप्पे ताडता येत होते.

अपेक्षित वेळेच्या किंचित आधी ती रेघ नाहीशी झाली.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे. 'संकेत थांबला' हे निरीक्षण होय, आणि 'यान नष्ट झाले' हे अनुमान. या दोहोंमध्ये किमान चार शक्यता होत्या : प्रेषक बंद पडणे, अँटेनाची दिशा फिरणे, संकेत ग्रहणक्षमतेच्या उंबरठ्याखाली जाणे, किंवा खरोखरच आदळणे. युरोपीय संस्थेने त्या सायंकाळी अंतिम निष्कर्ष जाहीर न करता मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या नोंदींची वाट पाहिली. त्या नोंदींवरून व पुढे अमेरिकी यानाने घेतलेल्या छायाचित्रांवरून यान आदळल्याचे स्पष्ट झाले. २०१७ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने कारणही दिले. यानाची फिरकी मोजणाऱ्या उपकरणाचे वाचन सुमारे एक सेकंद कमाल मर्यादेला अडकले, त्यावरून यानाच्या संगणकाने उंचीचा चुकीचा हिशेब केला आणि छत्री वेळेआधी सुटली. म्हणजे दुर्घटनेच्या मुळाशी एक आकडाच होता, आणि तो आपल्या मापाच्या टोकाला टेकला आहे हे त्याचा उपयोग करणाऱ्या यंत्रणेला उमगले नव्हते.

खोडदच्या नोंदीचे मोल यामुळे उणावत नाही. यान उतरत असतानाच अवतरणाचे काही टप्पे पृथ्वीवर समजले ते या रेघेमुळे. तिने काय सांगितले व काय सांगितले नाही याचा भेद पाळला गेला, हे त्या दिवसाचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

गोंगाटाचा पूर्वेतिहास

बिनतारी संदेशवहनाच्या आरंभी खरखर ही हवेतील विजेची बाधा मानली जात असे. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी प्रयोगाने व हॅरी नायक्विस्ट यांनी गणिताने दाखवून दिले की, कोणत्याही वाहकात केवळ उष्णतेमुळे विद्युत्-गोंगाट निर्माण होतो आणि तो टाळता येत नाही. हा गोंगाट आपण वारंवारतेचा किती रुंद पट्टा ऐकतो त्या प्रमाणात वाढतो. पट्टा अर्धा केला की गोंगाटही अर्धा होतो. आजच्या आकड्यांचे मर्म या साध्या नियमात आहे. १९३३ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की यांनी, लघुलहरींवर ऐकू येणाऱ्या खरखरीचा एक अंश आकाशगंगेतून येतो, हे जाहीर केले. दूरध्वनी कंपनीच्या दृष्टीने जो अडथळा होता तोच खगोलशास्त्राचा संकेत ठरला आणि रेडिओ-खगोलशास्त्राचा पाया घातला गेला. जीएमआरटी ही त्याच परंपरेतील.

हौशी रेडिओचालक मात्र या काळात कानानेच मोजत होते. १९३४ पासून रूढ झालेल्या 'आरएसटी' पद्धतीत समजण्याजोगेपणाला १ ते ५, बळाला १ ते ९ व सुराला १ ते ९ असे गुण दिले जात. पद्धत सुटसुटीत होती, परंतु कालांतराने तिची शिष्टाचारात गणना होऊ लागली. स्पर्धांमध्ये तर समोरचा कसाही ऐकू येवो, '५९९' कळवण्याचीच प्रथा पडली. मोडी पत्रातील 'विनंती विशेष' वाचून लेखकाच्या नम्रतेविषयी कोणी अनुमान काढत नाही. जुन्या हॅम-वह्यांतील ५९९ ची गोष्ट तीच.

महाराष्ट्राच्या संदर्भात याच काळातील एक उदाहरण नोंदवणे अगत्याचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी हौशी रेडिओचे परवाने स्थगित झाले होते. 'छोडो भारत' आंदोलनात, ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस, उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ४२.३४ मीटर तरंगलांबीवरील हे प्रसारण १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी पकडले. त्या प्रसारणाचा जो मजकूर आज अभ्यासकांना उपलब्ध आहे, तो बव्हंशी पोलिसांच्या श्रवणनोंदींतून आलेला आहे. प्रक्षेपकाजवळ जे बोलले गेले ते आणि ऐकणाऱ्याच्या यंत्रावर त्या रात्री जे समजले ते, या दोहोंत अंतर असू शकते. रेडिओच्या इतिहासात साधन ग्राहकाच्या टोकाला तयार होते, ही गोष्ट या उदाहरणातून ठळक होते.

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचे गणित मांडले. वेग पुरेसा कमी ठेवला आणि संदेशाची रचना पुरेशी कसून बांधली तर संकेत गोंगाटापेक्षा क्षीण असूनही संदेश बिनचूक पोहोचवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. हे हौशी मंडळींच्या घरच्या मेजावर यायला मात्र अर्धशतक जावे लागले.

टेलर यांचे सॉफ्टवेअर आणि २५०० चा आकडा

जोसेफ टेलर हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ. रसेल हल्स यांच्यासमवेत त्यांनी १९७४ मध्ये जोड-पल्सार शोधला व १९९३ मध्ये उभयतांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पल्सारचे स्पंद गोंगाटात बुडालेले असतात. त्यांची रचना आधी ठाऊक असेल तर पुनःपुन्हा बेरीज करून ते वर काढता येतात. टेलर बालपणापासून हॅम होते. निर्माण केलेल्या संकेतालाही हाच विचार लागू करून त्यांनी २००१ मध्ये डब्ल्यूएसजेटी हे सॉफ्टवेअर खुले केले. प्रारंभी ते उल्कांच्या क्षणिक धूम्ररेषांवरून परावर्तित होणाऱ्या संकेतांसाठी होते. २००३ मध्ये चंद्रावरून परावर्तित होणाऱ्या संकेतांसाठी जेटी-६५, २००८ मध्ये अत्यल्प शक्तीच्या मार्गपरीक्षणासाठी विस्पर आणि २०१७ मध्ये स्टीव्हन फ्रँक यांच्या सहकार्याने एफटी-८ या पद्धती आल्या. एफटी-८ने थोड्याच काळात जगभरच्या हौशी पट्ट्यांवर वर्चस्व मिळवले.

या सर्व पद्धतींत प्रत्येक वाचलेल्या संदेशासमोर डेसिबलमध्ये एक आकडा उमटतो आणि बहुधा तो ऋण असतो. उणे १० म्हणजे संकेत गोंगाटाच्या दशांश, उणे २० म्हणजे शतांश. नवख्याला येथे अचंबा वाटतो : शंभरपट मोठ्या गोंगाटाखालचा संकेत यंत्राने ऐकला कसा?

उत्तर त्या गोंगाटाच्या व्याख्येत आहे. सर्व पद्धतींसाठी गोंगाट २५०० हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात मोजला आहे असे धरायचे, असा या सॉफ्टवेअरचा संकेत आहे. ही रुंदी निसर्गाने दिलेली नाही. मानवी बोलणे ऐकण्यासाठी बनवलेल्या रेडिओ-संचाच्या गाळणीची ती साधारण रुंदी होय. एफटी-८चा संकेत मात्र अवघा ५० हर्ट्झ जागा व्यापतो. तेवढ्याच जागेतील गोंगाट घेतला तर तो पन्नासपट कमी भरतो आणि शतांश असलेला संकेत गोंगाटाच्या निम्मा होतो. त्याहीपुढे, एफटी-८मध्ये कोणत्याही क्षणी आठांपैकी एकच सूर वाजत असतो आणि एका सुराची जागा ६.२५ हर्ट्झ असते. तेवढ्या अरुंद फटीत गोंगाट चारशेपट कमी, म्हणजे उणे २० चा संकेत तेथे गोंगाटाच्या चौपट. 'गोंगाटाखालचा संकेत' हे वर्णन अशा रीतीने मापाच्या निवडीतून जन्मलेले आहे. बिघा आणि एकर यांचा भेद न पाहता दोन गावांच्या सारावसुलीची तुलना करणाऱ्याची जी गत होईल, तीच रुंदी न विचारता हे आकडे जुळवणाऱ्याची होते.

या मापावर कानाने वाचलेल्या मोर्सचा उंबरठा साधारणपणे उणे १५ च्या आसपास, एफटी-८चा सुमारे उणे २१, जेटी-६५चा उणे २५ आणि विस्परचा उणे २८ किंवा त्याहून थोडा खाली धरला जातो. ही किंमत वेळेत मोजावी लागते. विस्परचा एक संदेश ५० बिटांचा, आणि त्याला जवळजवळ १११ सेकंद लागतात.

आकडा वाचताना

एकच माप असले म्हणजे आकडे तुलनीय झाले असे नव्हे. पहिली अडचण माप घेणाऱ्या पट्टीची. जेटी-६५मधील आकडे उणे ३० ते उणे १ यांच्या दरम्यानच राहतात आणि उणे १० च्या वर ते दाबले जातात, हे त्या सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेतच नमूद आहे. एफटी-८मध्ये ही मर्यादा नाही, तेथे धन आकडेही येतात. कोणी २०१० च्या सुमाराची जेटी-६५ वही आणि २०२० ची एफटी-८ वही शेजारी ठेवून 'दहा वर्षांत संकेत बलवान झाले' असा निष्कर्ष काढला, तर तो पट्टी बदलल्याचा इतिहास असेल, संकेतांचा नव्हे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. समजा बिलोली परिसरातील एका खेड्यातील केंद्र व हैदराबादसारख्या महानगरातील केंद्र, दोन्ही सारख्याच शक्तीने व सारख्याच अँटेनाने, तिसऱ्या एका दूरच्या केंद्राशी बोलत आहेत. दूरच्या केंद्राचा संकेत दोघांकडे सारख्याच बळाने येऊनही खेड्यात उणे ५ व महानगरात उणे १८ असा आकडा उमटू शकतो. महानगरात एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट, इन्व्हर्टर यांच्या गोंगाटाची पातळी उंचावलेली असते. उलट दिशेने मात्र दूरचे केंद्र दोघांनाही सारखाच आकडा कळवील, कारण तेथील गोंगाट एकच आहे. परस्परांना दिलेले दोन आकडे असमान असतात याचे नवल वाटण्याचे कारण नाही. ते दोन वेगवेगळ्या अंगणांचे वर्णन करतात. महानगरातील चालकाने आपल्या अँटेनास दोष देण्यापूर्वी आपल्याच घरातील चार्जर काढून पाहावेत, हे शहाणपणाचे. अर्थात शेजाऱ्याचे काढता येत नाहीत!

अंतराविषयीही असेच. १४ मेगाहर्ट्झवरील लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन दूर जाऊन उतरतात आणि मधला टापू कोरडा राहतो. बिलोलीहून निघालेला संकेत हैदराबादला ऐकू न जाता युरोपात ऐकू जाणे अगदी स्वाभाविक आहे. आकडा मोठा म्हणजे केंद्र जवळ, हा तर्क लघुलहरींवर टिकत नाही. शिवाय आयनांबर सतत हलते असल्याने मिनिटामिनिटाला आकडा अनेक डेसिबलनी चढतो-उतरतो. एकाच वाचनावर काहीही उभारणे म्हणजे एका दिवसाच्या बाजारभावावरून दशकाची महागाई ठरवणे होय.

विस्परच्या नोंदींत प्रेषकाची शक्ती दिलेली असते, ही मोठी सोय आहे. परंतु ती शक्ती यंत्राने मोजलेली नसून चालकाने स्वतः भरलेली असते. ठिकाणही चौकटीच्या सांकेतिक नावाने येते. चार अक्षरी चौकट दोन अंश रेखांश व एक अंश अक्षांश एवढी, म्हणजे आपल्या भागात पूर्व-पश्चिम सुमारे दोनशे किलोमीटर व दक्षिणोत्तर सुमारे एकशेदहा किलोमीटर असते. बिलोली, लातूर आणि किल्लारी ही तिन्ही एमके-८८ या एकाच चौकटीत पडतात. उलट बिलोलीच्या अगदी जवळचे निजामाबाद एमके-९८ मध्ये, तर आपले जिल्ह्याचे ठिकाण नांदेड एमके-८९ मध्ये. केवळ चौकट पाहणाऱ्याला बिलोली किल्लारीशी एकरूप आणि निजामाबादला परकी वाटेल. भाषावार प्रांतरचनेनंतरच्या सीमाभागातील वाचकांना रेषांचा हा खेळ अपरिचित नाही.

न नोंदलेले आणि अर्धे वाचलेले

जे वाचता आले नाही त्याची ओळ उमटत नाही, हा या साधनाचा सर्वांत महत्त्वाचा दोष मानावा लागेल. संकेत उणे २१ च्या खाली गेला की एफटी-८ची नोंद लहान होत नाही, ती नाहीशी होते. त्यामुळे एखाद्या महिन्याच्या आकड्यांची सरासरी काढली तर ती नेहमीच वास्तवापेक्षा चांगली येते, कारण वाईट क्षण सरासरीत शिरलेच नाहीत. मार्ग अतिशय खालावलेल्या दिवशी मोजक्याच नोंदी मिळाव्यात आणि त्यांची सरासरी चांगल्या दिवसाच्या सरासरीजवळच यावी, असेही घडते. म्हणून आकड्याबरोबर नोंदींची संख्या पाहणे अनिवार्य आहे. ओळ नसण्याची कारणेही अनेक : मार्ग बंद असेल, प्रेषक झोपला असेल, वीज गेली असेल, अथवा संगणकाचे घड्याळ दोन-तीन सेकंदांनी चुकले असेल. एफटी-८ पंधरा सेकंदांच्या ठरलेल्या खिडक्यांत चालते. घड्याळ फार चुकले की बलवान संकेतही वाचला जात नाही. दुष्काळाच्या वर्षी एखाद्या गावाच्या महसुलाची नोंद दफ्तरात आढळली नाही, तर ते गाव ओसाड होते असे आपण म्हणत नाही. दफ्तर वाळवीने खाल्ले असेल ही शक्यताही तपासतो.

याच्या उलट टोकाला, अर्धवट ऐकलेला संदेश सॉफ्टवेअर अपेक्षेच्या आधाराने पुरा करते. आपण कोणाला हाक मारली आहे हे त्यास ठाऊक असते, म्हणून उत्तरात आपले नाव असेल असे धरून ते उरलेला भाग शोधते. अशा वाचनापुढे 'ए' अक्षराची खूण येते व विश्वास कमी असल्यास प्रश्नचिन्हही येते. देगलूर तालुक्यातील होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरे व शिलालेख आपल्या परिसरातील अभ्यासकांस परिचित आहेत. झिजलेल्या ओळीतील राजाची बिरुदावली ठरीव असल्याने पुराभिलेखतज्ज्ञ गेलेली अक्षरे कंसात भरतो. कंस काढून टाकून तोच पाठ पुढे उद्धृत होऊ लागला की अनर्थ ओढवतो. रेडिओच्या वहीतही ही खूण नकलताना गळते, आणि अपेक्षा पुराव्याच्या पदाला पोहोचते.

एमएच-३७० चे उदाहरण

हा सगळा ऊहापोह केवळ छंदापुरता असता तर त्यास शोधपत्रिकेत जागा मागण्याचे धाडस केले नसते. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियन एअरलाइन्सचे एमएच-३७० हे विमान क्वालालंपूरहून बीजिंगला जाताना नाहीसे झाले. विमानात २३९ जण होते व त्यांत पाच भारतीय नागरिक होते. २०२१ पासून रिचर्ड गॉडफ्रे या अभियंत्याने असा दावा मांडला की, त्या रात्रीच्या विस्पर-नोंदींतील आकड्यांच्या अनपेक्षित चढउतारांवरून विमानाचा मार्ग रेखता येतो. प्रेषक व ग्राहक यांमधील मार्गाला विमान ओलांडते तेव्हा संकेतात विक्षेप होतो, अशी त्यामागची कल्पना आहे.

विस्परचे जनक टेलर यांनीच या दाव्यास ठामपणे विरोध दर्शवला. कारणे वरील विवेचनातून सहज हाती येतात. हजारो किलोमीटर, अनेक उड्या घेत येणाऱ्या संकेतात आयनांबर स्वतःच मोठी उलथापालथ करत असते. विमानावरून विखुरलेली शक्ती त्या तुलनेत अत्यल्प. आकडा जवळजवळ दोन मिनिटांच्या प्रेषणाचा एकच, तोही पूर्ण डेसिबलमध्ये दिलेला. शक्ती चालकाने सांगितलेली, अँटेनाचा उल्लेख नाही, ग्राहकाजवळच्या गोंगाटाची वेगळी नोंद नाही. 'अनपेक्षित' म्हणण्यासाठी अपेक्षित काय ते आधी ठाऊक हवे. शिवाय जगभरातील असंख्य मार्गांतून विमानाच्या संभाव्य वाटेवर पडणारे मार्गच निवडले, तर कोणत्याही वाटेवर काही चढउतार सापडतीलच.

प्रस्तुत लेखकाच्या मते हा दावा साधनाच्या कुवतीबाहेरचा आहे. तो मांडणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु समुद्राच्या कोणत्या भागात शोध घ्यावा हा प्रश्न आप्तांच्या दृष्टीने केवळ तात्त्विक नव्हता. शोधाची साधने व त्यांची आशा दोन्ही मर्यादित असतात. अशा वेळी साधनाला त्याने न दिलेली साक्ष द्यायला लावणे हे चिकित्सेतील साधेसुधे स्खलन मानता येत नाही.

मराठवाड्याच्या संदर्भात

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या मदतकार्यात हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास हातभार लावला. त्या वेळी उपयोगी पडला तो बोललेला आवाज आणि तो समजणारा कान. आजच्या क्षीण-संकेत पद्धती अशा प्रसंगी त्याची जागा घेतील असा समज काही उत्साही मंडळींत आढळतो. उणे २० ला वाचता येणारी पद्धत असताना आणखी काय हवे, असे त्यांचे म्हणणे. परंतु एफटी-८च्या एका संदेशात मोकळा मजकूर फार तर १३ अक्षरांचा मावतो आणि त्याला पंधरा सेकंदांची खिडकी लागते. जखमींची यादी, औषधांची मागणी, रस्त्याची अवस्था यांपैकी काहीच त्यातून नीट जात नाही. उणे २० हा आकडा मार्ग उघडा असल्याचे सांगतो, त्या मार्गाने किती वाहून नेता येईल हे सांगत नाही. बोललेल्या आवाजाला संकेत गोंगाटाहून वरचढच लागतो.

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात या आकड्यांना आणखी एक पदर आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत येथील खेड्यांनी दिवसाचे अनेक तास भारनियमन सोसले. वीज गेली की वाहिन्यांची गुणगुण, पंपांचे स्टार्टर, खराब इन्सुलेटरवरील ठिणग्या हे सारे एकदम शांत होते. बॅटरीवर चालणाऱ्या ग्राहकाला त्याच क्षणी दूरची केंद्रे अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागतात. संकेतात तिळमात्र फरक नसताना आकडा सुधारतो. त्या काळात या भागात कोणी सलग नोंदी ठेवल्या असतील, तर त्यांत आयनांबराच्या हालचालींबरोबर महावितरणचे वेळापत्रकही उमटलेले असणार. आकाशाचा अभ्यासक ते दोष म्हणून पुसून टाकील, विजेच्या इतिहासाचा अभ्यासक मात्र तेच जपून ठेवील. त्यानंतर कृषिपंपांची संख्या, एलईडी दिवे, सौर इन्व्हर्टर यांनी गोंगाटाची जात बदलत नेली आहे, आणि या बदलाची लेखी नोंद अन्यत्र कोठे होत असल्याचे दिसत नाही.

महाविद्यालयीन स्तरावर भौतिकशास्त्र व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन एखादे ग्राहक-केंद्र चालवावयाचे ठरवल्यास त्यास प्रेषणाचा परवाना लागत नाही, केवळ ऐकायचे असते. अशा केंद्राच्या वहीत सॉफ्टवेअर स्वतः भरते ते रकाने असतीलच. त्यांच्या जोडीला हाताने भरावयाचे आणखी काही रकाने असावेत : अँटेना कोणती व कोणत्या दिशेस, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कोणताही संकेत नसतानाची गोंगाटाची पातळी, त्या वेळी वीज होती की नव्हती, घड्याळ कशावरून लावले, आणि केंद्र चालू असूनही काहीच ऐकू आले नाही असे तास. यांतील शेवटचा रकाना भरण्याचा कंटाळा येतो, म्हणून तो वहीत सर्वांत आधी आखावा.